विम्याने बॉइलर तपासला जात नाही

ब्रिटनच्या गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहनिर्माणमंत्री,



मी पश्चिम लंडनमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत काम करते. घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद जुळवायचे, समोरच्या वकिलाने पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्या अशिलाकडून मिळवायची आणि मधल्या महिन्यांत दोन्हीकडच्या माणसांना धीर द्यायचा, हे माझे रोजचे काम. आमच्याकडे हॅरो, वेम्बली, स्लाउ, रेडिंग इथली मराठी कुटुंबे बरीच येतात. कोणी पहिले घर घेत असते, कोणी मुले मोठी झाली म्हणून मोठे घर शोधत असते, तर कोणी नोकरी संपवून पुण्याला परत निघालेले असते. याच लोकांच्या घरांबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे, म्हणून पत्र मराठीत लिहिते आणि त्यांच्यासमोरच आपल्याला देते. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवीत आहे.

मागणे आधीच सांगते. घरातला बॉइलर बदलल्यावर जे प्रमाणपत्र मिळते ते घराच्या पत्त्याला कायमचे जोडलेले असावे आणि कोणालाही विनामूल्य पाहता यावे. जिथे ते नसेल तिथे विक्रीच्या आधी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरने बॉइलर प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे. आज यातले दुसरे जवळजवळ होतच नाही. त्याच्या जागी विमा काढला जातो आणि सगळे पुढे सरकतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना बॉइलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगावे लागेल. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा एखाद्या कपाटात पांढऱ्या पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात गॅस जळतो. त्यावर तापलेले पाणी घरभरच्या रेडिएटरांतून फिरते आणि बहुतेक ठिकाणी नळाचे गरम पाणीही तीच देते. जळलेल्या वायूंना बाहेर नेणारी नळी भिंतीतून किंवा छतातून जाते, तिला इथे फ्ल्यू म्हणतात. ऑक्टोबर ते एप्रिल ही पेटी जवळजवळ रोज चालते. गॅस नीट जळला नाही, किंवा फ्ल्यूचा सांधा सुटला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते आणि माणसाला वाटते की थंडीताप आला आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे गेल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात अनेक वर्षे वाचतो आहोत. हा वायू तोच. फरक एवढाच की गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो आणि बॉइलर दिवसभर.

मंत्रिमहोदय, या देशाने गॅसच्या बाबतीत जे नियम केले ते कोणाच्या हौसेने केलेले नाहीत. १६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनच्या न्यूहॅममध्ये रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवायला काडी ओढली. गळलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. शेगडीच्या जोडणीतला पितळेचा एक सदोष नट त्या गळतीच्या मुळाशी होता. त्यानंतर १९७० मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी कॉर्गी ही संस्था उभी राहिली. १९९१ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २००९ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ते काम गॅस सेफ रजिस्टरकडे आले. आज घरात गॅसचे काम करणाऱ्याच्या खिशात गॅस सेफचे ओळखपत्र असते. पाठीमागे त्याला कोणकोणते काम करण्याची परवानगी आहे ते छापलेले असते. कामगार दारात उभा असतानाच ते पाहायला मागावे, असे मी आमच्या प्रत्येक अशिलाला सांगते.

ज्या नियमामुळे आमच्या कचेरीत फाइली अडतात तो यानंतरचा. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा किंवा बदललेला बॉइलर हे इमारत-नियमांखाली कळवण्याजोगे काम झाले. त्याच दिवसापासून साधारणपणे कंडेन्सिंग जातीचाच, म्हणजे धुरातली उष्णता परत वापरणारा बॉइलर बसवायचा असेही ठरले. ज्या घरात तसा बॉइलर बसवणे खरोखर अवघड होते तिथे कारण नोंदवणारा वेगळा फॉर्म ठेवला. घरमालकाने काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, अर्ज करून निरीक्षक बोलवावा, किंवा नोंदणीकृत इंजिनिअरने आपणच आपले काम प्रमाणित करून तीस दिवसांच्या आत कळवावे, असे दोन रस्ते आहेत. जवळजवळ सगळे दुसराच घेतात. इंजिनिअर गॅस सेफला कळवतो, गॅस सेफ काउन्सिलला कळवते आणि घरमालकाच्या नावे टपालाने एक पान येते. त्यावर पत्ता, कामाचे स्वरूप, तारीख आणि काम करणाऱ्या व्यवसायाची नोंद असते. घर विकताना समोरचा वकील मागतो ते हेच पान.

नियम चांगला आहे. तो सैल करा असे मी म्हणत नाही. बॉइलर बसवणे म्हणजे जुनी पेटी काढून नवी टांगणे नव्हे. जुन्या बॉइलरला पुरणारी गॅसची पंधरा मिलिमीटरची नळी नळाचे गरम पाणीही देणाऱ्या नव्या कॉम्बी बॉइलरला पुष्कळदा पुरत नाही, ती बावीसची करावी लागते. फ्ल्यूचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किती दूर हवे याचे माप ठरलेले आहे. गॅसचा दाब मोजायचा, धुरातले वायू यंत्राने तपासायचे, जुन्या रेडिएटरांतला गाळ धुऊन काढायचा आणि हे सगळे बॉइलरबरोबर येणाऱ्या बेंचमार्क नावाच्या पुस्तिकेत लिहून ठेवायचे. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या बॉइलरसोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावावा लागतो. काम मनापासून करणाऱ्या इंजिनिअरला या कशाचाच त्रास वाटत नाही. मी ज्यांच्याशी फोनवर बोलते त्यांतले बहुतेक तसेच आहेत.

अडचण पुढे, घर विकताना येते.

विक्री ठरली की विकणाऱ्याला लॉ सोसायटीचा टीए ६ हा फॉर्म भरावा लागतो. त्यात घराच्या तापवणीबद्दल प्रश्न आहेत. यंत्रणा कधी बसवली, १ एप्रिल २००५ नंतर बसवली असेल तर प्रमाणपत्राची प्रत जोडा, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली. या ओळींपाशी येऊन माणसे थबकतात. पान टपालाने आले होते खरे, पण त्याला आठ-दहा वर्षे झाली. ते जाहिरातींच्या पाकिटांबरोबर रद्दीत गेले, किंवा बॉइलरच्या हमीपत्रासोबत एखाद्या फाइलमध्ये गेले आणि ती फाइल आता पुण्याच्या घरी आहे. काहींच्या बाबतीत ते पान कधी आलेच नाही. इंजिनिअर ओळखीतला, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी नंबर दिलेला. त्याने काम नीट केले, पैसे रोख घेतले आणि कळवायचे राहून गेले. काही घरांत बॉइलर आधीच्या मालकाने बसवलेला असतो. आताच्या मालकाने घर घेताना त्याच्याही वकिलाने हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हाही उत्तर मिळाले नव्हते.

इथे आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ज्यांनी मधली काही वर्षे घर भाड्याने दिले होते ते घाईघाईने दुसराच कागद पाठवतात. घरमालकाने भाडेकरूसाठी दर वर्षी काढायची गॅस सुरक्षा नोंद, जिला सगळे सीपी १२ म्हणतात, तो. त्यावर गॅस सेफचे चिन्ह असते, इंजिनिअरचा क्रमांक असतो, तारीख ताजी असते. मग आम्हाला कळवावे लागते की हा तो कागद नव्हे. हा गेल्या वर्षीची तपासणी दाखवतो, समोरच्याला बॉइलर बसवतानाचे प्रमाणपत्र हवे आहे. समोरचा माणूस गप्प होतो. त्याचे म्हणणे मला पटते. बॉइलर सुरक्षित आहे हे सांगणारा चार महिन्यांपूर्वीचा कागद त्याच्या हातात आहे आणि व्यवहार अडला आहे तो बारा वर्षांपूर्वीच्या कागदावर.

प्रमाणपत्राची नक्कल गॅस सेफकडून शुल्क भरून मिळते, पण मूळ नोंद झाली असेल तरच. खरेदीदाराच्या वकिलाने काउन्सिलकडे मागवलेल्या शोधातही अशा कामांच्या नोंदी येतात. म्हणजे माहिती सरकारजवळ असतेच. फक्त ती पोचते उशिरा. तोवर किंमत ठरलेली असते, सर्व्हे झालेला असतो, बँकेने कर्ज मंजूर केलेले असते आणि मागेपुढे आणखी चार घरे एकमेकांवर अडकून उभी असतात. नोंद मुळातच नसेल, तर एका कागदासाठी ही साखळी तुटू द्यायची नसते. एजंट रोज फोन करतात. आणि मग कोणीतरी म्हणते, इन्डेम्निटी पॉलिसी घेऊन टाका.

या पॉलिसीचे स्वरूप आपल्यासमोर नीट यावे, म्हणून जरा थांबून लिहिते. ती एकदाच हप्ता भरून मिळते. प्रमाणपत्र नाही म्हणून उद्या काउन्सिलने कारवाई केली, तर त्यातून होणारे आर्थिक नुकसान विमा कंपनी भरून देईल, एवढेच तिचे आश्वासन असते. बॉइलर बिघडला तर ती पैसे देत नाही. फ्ल्यू चुकीची बसवली असेल तर ती सुधारून देत नाही. त्या घरात कोणाला विषबाधा झाली तर तिचा काही संबंध नाही. पॉलिसी काढताना बॉइलरचे झाकण कोणी उघडत नाही, घरी कोणी येतही नाही. वकिलाच्या संगणकावर पाच मिनिटांत ती निघते.

माझी मुख्य तक्रार तिच्या अटींबद्दल आहे. काउन्सिलला या कामाबद्दल काही विचारू नका. विचारले असेल तर ही पॉलिसी मिळणार नाही. पुढेही तिसऱ्या कोणाला या त्रुटीबद्दल सांगू नका, नाहीतर संरक्षण जाईल. विमा कंपनीच्या हिशेबाने हे साहजिक आहे, कारवाईचा धोका वाढू नये एवढेच तिला पाहायचे असते. पण त्यामुळे घडते काय? ज्या माणसाने प्रामाणिकपणे काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला फोन करून विचारले की माझ्या बॉइलरची नोंद सापडत नाही, काय करू, त्याचा सोपा मार्ग बंद होतो. ज्याने तोंड बंद ठेवले त्याचे घर महिन्याभरात विकले जाते. आम्हा कचेरीत काम करणाऱ्यांनाही अशिलाला पहिल्याच भेटीत बजावून ठेवावे लागते की कागद सापडत नसला तरी काउन्सिलला फोन करू नका, आधी आम्हाला विचारा. हे वाक्य उच्चारताना मला दर वेळी जड जाते. काउन्सिलचा तो विभाग घरे सुरक्षित राहावीत म्हणून उभा आहे आणि लोकांना त्याच्यापासून दूर ठेवणे हे माझ्या कामाचा भाग झाले आहे.

बॉइलरची पॉलिसी त्या घराबरोबर जाते. पुढचा मालक, त्याच्या पुढचा मालक, सगळ्यांना ती लागू असते, म्हणून ती दस्तांच्या पाकिटात जपून ठेवली जाते आणि दर विक्रीला पुन्हा पाठवली जाते. बॉइलर तपासला गेला नव्हता याची आठवण देणारा कागद असा पिढ्यान्‌पिढ्या घरासोबत फिरतो, आणि तो तपासला गेला होता हे सांगणारा कागद मात्र एका माणसाच्या खणात पडून राहतो, त्या माणसाने देश सोडला की हरवतो.

काही जण म्हणतील की एवढे काय त्यात, काउन्सिल बॉइलरसाठी कारवाई करतेच कुठे? माझ्या कामात तशी नोटीस मी पाहिलेली नाही. आणि नेमका हाच प्रश्न आहे. जो धोका जवळजवळ कधीच येत नाही त्याचा विमा आम्ही काढतो. जो येऊ शकतो त्याकडे पाहत नाही. लंडनमधल्या ग्रेनफेल या उंच इमारतीच्या आगीनंतर आलेल्या २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने इंग्लंडमध्ये नियमबाह्य काम काढून टाकण्याची नोटीस देण्याची मुदत एका वर्षावरून दहा वर्षांवर नेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. हेतू योग्यच होता, इमारती सुरक्षित व्हाव्यात. पण बॉइलरपुरते पाहिले तर आमच्या टेबलावर एवढाच बदल झाला की पूर्वी जुन्या कामाबद्दल समोरचा वकील 'मुदत उलटून गेली, जाऊ द्या' म्हणायचा, तो आता पॉलिसी मागतो. तपासण्या वाढल्या असे मला दिसलेले नाही.

फ्ल्यूबद्दल मला विशेष काळजी वाटते. इंग्लंडमधल्या अनेक नव्या फ्लॅटांत, विशेषतः या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्यांत, बॉइलर बाहेरच्या भिंतीपासून दूर आहे आणि फ्ल्यू छताच्या पोकळीतून लांबवर नेलेली आहे. वरून प्लास्टरबोर्ड बसवला की आत काय आहे ते दिसत नाही. २००८ मध्ये बर्कशरमधल्या ब्रॅकनेल इथे अशाच एका नव्या फ्लॅटमध्ये छतातली फ्ल्यू नीट जोडलेली नव्हती. कार्बन मोनॉक्साइडने सव्वीस वर्षांची एक तरुणी गेली. त्यानंतर अशा फ्ल्यूंसाठी छतात तपासणीच्या झडपा असाव्यात असे ठरले, आणि १ जानेवारी २०१३ पासून झडप नसेल तर इंजिनिअरने बॉइलर बंद करण्याचा सल्ला द्यावा असा पायंडा पडला. ही गोष्ट इंजिनिअरांना ठाऊक असते. वकिलांना क्वचित, आणि घर घेणाऱ्याला तर नसतेच. फ्लॅट विकताना प्रमाणपत्र नाही म्हणून पॉलिसी काढली, तर छताकडे मान वर करून पाहणारा माणूस त्या घरात येणारच नाही.

मराठी घरांत थंडीत कोण असते ते आपल्याला सांगायला हवे. मुलगा-सून कामाला जातात, मुले शाळेत जातात आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा दिवसभर घरात बसतात. त्यांना थंडी सोसत नाही. रेडिएटर सगळे चालू, खिडक्या घट्ट बंद, आणि डोके जड झाले तर 'हवा बदलली, मानवेना' म्हणून एक गोळी घेऊन पडून राहायचे. डॉक्टरकडे जायचे तर नाव नोंदवलेले नसते. बॉइलरचा त्यांना संशयही येत नाही, कारण त्यांच्या घरी तो कधी नव्हताच. आमच्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांना मी सांगते, पॉलिसी मिळाली म्हणून निश्चिंत होऊ नका, चावी हातात आली की पहिल्या आठवड्यात इंजिनिअर बोलवा, अलार्म लावा. बहुतेक जण ऐकतात. पण हे सांगणारी मी त्या फाइलवर होते म्हणून. कायद्याने ते कोणाला सांगितलेले नाही.

आता उपायांकडे येते.

आपल्या देशात घराचे ऊर्जा प्रमाणपत्र, ज्याला ईपीसी म्हणतात, ते कोणीही पोस्टकोड टाकून पाहू शकतो. शेजाऱ्याच्या घरात गॅसचा बॉइलर आहे की विजेचे हीटर, त्याची श्रेणी कोणती, सगळे उघडे आहे. गाडीचा क्रमांक टाकला की ती वार्षिक एमओटी चाचणीत कधी नापास झाली होती, कोणता टायर झिजला होता, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येते. दहा वर्षे जुनी गाडी घेणाऱ्याला जी माहिती एका मिनिटात मिळते, ती आयुष्यभराची कमाई घालून घर घेणाऱ्याला बॉइलरबद्दल मिळत नाही. गॅस सेफच्या नोंदी आहेत, काउन्सिलच्या नोंदी आहेत. त्या ईपीसीसारख्या पत्त्यावर उघड्या कराव्यात. बॉइलर केव्हा बसवला आणि प्रमाणित झाला की नाही, एवढे दिसले तरी पुरे. मालकाचे नाव, फोन, किंमत यांतले काहीच त्यात नको, म्हणून खासगीपणाचा प्रश्न ईपीसीपेक्षा मोठा नाही.

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून घर बाजारात आणण्याआधीच विकणाऱ्याला होम रिपोर्ट तयार ठेवावा लागतो. त्यात सर्व्हेअरचा अहवाल असतो, ऊर्जेचा अहवाल असतो आणि घराबद्दलची प्रश्नावली असते. इंग्लंड-वेल्समध्येही २००७ मध्ये होम इन्फर्मेशन पॅक आले होते, ते २०१० च्या मे महिन्यात थांबवले गेले आणि त्यातले फक्त ईपीसी उरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने घर विकण्याच्या पद्धतीत सुधारणा सुचवून लोकांची मते मागवली. महत्त्वाची माहिती विकणाऱ्याने सुरुवातीलाच द्यावी आणि घराची डिजिटल नोंदवही असावी, ही त्यातली दिशा मला मनापासून पटते. माझी विनंती इतकीच की त्या माहितीत बॉइलरची ओळ पहिल्या पानावर असावी. घर बाजारात येते त्या आठवड्यात कागद नाही हे कळले, तर इंजिनिअर बोलवायला भरपूर वेळ असतो. एक्सचेंजच्या, म्हणजे करारांच्या अदलाबदलीच्या, आदल्या दिवशी कळले, तर पॉलिसीशिवाय काही सुचत नाही.

यात एक खरी अडचण आहे, ती झाकून ठेवणार नाही. दुसऱ्याने बसवलेला बॉइलर कोणताही गॅस सेफ इंजिनिअर आज प्रमाणित करू शकत नाही. तो फक्त आपल्या स्वतःच्या कामाचेच प्रमाणपत्र देऊ शकतो. जुन्या कामाला नियमित करून घ्यायचे तर काउन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा अर्ज करावा लागतो. त्याचे शुल्क काउन्सिलप्रमाणे बदलते, निरीक्षक येईपर्यंत आठवडे जातात आणि कधी भिंत किंवा छत उघडावे लागते. त्यापेक्षा पॉलिसी स्वस्त आणि झटपट, म्हणून सगळे तिकडे वळतात. हे लोकांच्या निष्काळजीपणाचे फळ आहे असे मी म्हणणार नाही. योग्य रस्ता आपणच अवघड करून ठेवला आहे.

म्हणून मधला एक रस्ता खुला करा. प्रमाणपत्र नसलेल्या बॉइलरसाठी नोंदणीकृत इंजिनिअरने विक्रीपूर्वी तपासणी करावी: फ्ल्यू आणि तिच्या झडपा, गॅसचा दाब, धुरातल्या वायूंचे प्रमाण, हवेची सोय, अलार्म. त्याचा अहवाल गॅस सेफमार्फत पत्त्याला जोडला जावा आणि बॉइलरपुरते काउन्सिलने तो पुरेसा मानावा. अशा तपासणीचा खर्च साधारण शंभर पौंडांच्या आत-बाहेर येतो. लाखो पौंडांच्या व्यवहारात तो कोणाला जड नाही, आणि एजंटाच्या दलालीशी तर त्याची तुलनाच होत नाही. त्यात काही सापडले तर ते विकणाऱ्याने दुरुस्त करावे, किंवा किंमत ठरवताना दोघांनी त्याचा हिशेब करावा. सापडले नाही तर खरेदीदाराला कागदाबरोबर विश्वासही मिळेल. इन्डेम्निटी पॉलिसी त्यानंतर कोणाला हवी असेल तर त्याने खुशाल घ्यावी. पण या तपासणीच्या जागी ती चालणार नाही, आणि काउन्सिलला विचारले म्हणून संरक्षण नाकारण्याची अट बॉइलरच्या बाबतीत कोणत्याही पॉलिसीत घालता येणार नाही, हे आपण नियमाने सांगावे.

लहान व्यवसाय करणाऱ्या इंजिनिअरांवर बोजा पडेल अशी शंका कोणी घेईल. ज्यांच्याशी मी याबद्दल बोलले त्यांचे म्हणणे उलट आहे. काम प्रामाणिकपणे करून वेळेवर कळवणाऱ्याला त्याचा आज काही फायदा नाही, कारण न कळवणाऱ्या स्वस्तातल्या माणसाचे ग्राहक शेवटी पॉलिसीवर सुटतातच. नोंद पत्त्यावर दिसू लागली तर घरमालक स्वतःच विचारेल की माझी नोंद अजून का दिसत नाही. तीस दिवस उलटायच्या आत तो इंजिनिअरला फोन करील. आज तो दहा वर्षांनी करतो, आणि तोवर तो व्यवसाय बंद झालेला असतो.

आणखी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या आपल्या हातात आजही आहेत. प्रमाणपत्राच्या नकलेसाठी गॅस सेफ शुल्क घेते, ते घराच्या मालकाकडून घेऊ नये. आणि टपालाने येणाऱ्या त्या पानाच्या वर ठळक अक्षरांत लिहावे की घर विकेपर्यंत हे जपून ठेवा, वकील मागतील. आज ते पान हमीच्या आणि सर्व्हिसिंगच्या कागदांत मिसळून जाते. इथे नव्याने आलेल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात बॉइलर बदलावा लागलेल्या माणसाला ते कशासाठी आहे हे समजण्याचा काही मार्ग नाही. त्याच पानावर, इथे बोलल्या जाणाऱ्या प्रमुख भाषांत त्याचा अर्थ सांगणारी एक ओळ घालता आली तर फार बरे होईल. मराठी ओळ मी आनंदाने लिहून देईन.

नव्या पद्धतीचे नियम ठरतील तेव्हा वकिलांच्या आणि एजंटांच्या संघटनांसोबत एखाद-दुसरा गॅस इंजिनिअर आणि आमच्यासारखे फाइली हाताळणारे कर्मचारी यांनाही आपण बोलवावे, ही विनंती. अटी कागदावर कशा दिसतात आणि फोनवर अशिलाला त्या कशा सांगाव्या लागतात, ते आम्ही आपल्यासमोर मांडू. माझ्या कचेरीतल्या ज्या फाइलींवर बॉइलरची पॉलिसी काढली गेली, त्यांच्या अशिलांना इंजिनिअर बोलवण्याची आठवण करणारी पत्रे मी वरिष्ठांच्या परवानगीने पाठवायला सुरुवात केली आहे. आपल्या उत्तराची वाट पाहत असतानाही ती जात राहतील.

आपली विश्वासू,
पश्चिम लंडनमधल्या एका सॉलिसिटर कचेरीतली कन्व्हेयन्सिंग सहायक